अनुभव धागा : मिशनच्या गटाबरोबर व्हीलचेअर द्यायला, घरं बांधायला परदेशी गेलेल्यांनी लिहा

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय. आपल्यातले बरेच जण चर्चच्या गटाबरोबर सेवेला जाऊन आलेत, कुणी मेक्सिकोत घरं बांधली, कुणी आफ्रिकेत व्हीलचेअर दिल्या, काही ख्रिस्ती आहेत, काही नाहीत पण मित्रांबरोबर गेले. परत आल्यावर फोटो सगळेच दाखवतात, खुर्चीत बसलेलं हसरं मूल, किल्ली हातात घेतलेली आई. मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं ऐकायचंय. माप कुणी घेतलं, दार कुठे हवं हे कुणाला विचारलं, चाक पंक्चर झाल्यावर काय झालं. मी स्वतः रिहॅब वॉर्डात नर्स आहे त्यामुळे हे प्रश्न माझ्या डोक्यातून जातच नाहीत.

ज्यांना हे काम फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी 1976 साली मिलार्ड आणि लिंडा फुलर या नवराबायकोने जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी सुरू केली, घरावर नफा घ्यायचा नाही आणि ज्याचं घर त्यानेही बांधकामात हात लावायचा हे त्यांचं पहिल्यापासूनचं तत्त्व. जोनी एरेक्सन ताडा यांची 1967 मध्ये पाण्यात सूर मारताना मान मोडली तेव्हा त्या 17 वर्षांच्या होत्या, तेव्हापासून त्या स्वतः व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्या संस्थेच्या व्हील्स फॉर द वर्ल्ड कामात जुन्या व्हीलचेअर अमेरिकेतल्या तुरुंगांत कैदी दुरुस्त करतात आणि मग त्या बाहेरदेशी जातात. डॉन शोएनडॉर्फर या इंजिनिअरने 1979 मध्ये मोरोक्कोतल्या तेतुआनमध्ये एका बाईला हातांवर सरपटत रस्ता ओलांडताना पाहिलं, ते डोक्यात राहिलं आणि पुढे अंगणातल्या साध्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला सायकलची चाकं लावून त्यांनी व्हीलचेअर बनवली, 2001 मध्ये फ्री व्हीलचेअर मिशन सुरू झालं. गरज केवढी आहे तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात साधारण 8 कोटी लोकांना व्हीलचेअर लागते आणि गरीब देशांत त्यातल्या फार थोड्यांना ती मिळते.

आता तुम्ही लिहा. छोटं असलं तरी चालेल.

फिजिओथेरपिस्ट, ग्वाटेमाला

आमचा गट चिमाल्तेनांगोच्या बाजूला डोंगरातल्या गावांत गेला होता. तिथले लोक काक्चिकेल बोलतात, मला स्पॅनिश तोडकंमोडकं येतं, काक्चिकेल अजिबात नाही, म्हणजे मी इंग्लिशमध्ये विचारायचं, एकाने ते स्पॅनिशमध्ये करायचं आणि गावातल्या मुलीने पुढे काक्चिकेलमध्ये, उत्तर परत तसंच उलटं यायचं. एका कुटुंबाला अर्धापाऊण तास सहज जायचा. नवीन आलेल्या स्वयंसेवकांना वाटायचं बाहेर एवढी रांग आहे आणि या बाई बोलतच बसल्यात. पण तो वेळ वाचवला की खुर्ची चुकीची जाते हे मी ठामपणे सांगते.

सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर ताबा नसलेली मुलं खूप होती. आया त्यांना विणलेल्या कापडात पाठीला बांधून आणतात, मूल लहान असेपर्यंत निभतं, नऊदहा वर्षांचं झालं की आईची कंबर जाते. एक मुलगा होता त्याला वारंवार छातीत इन्फेक्शन व्हायचं, आईला विचारलं जेवण कसं भरवता तर म्हणाली आडवं ठेवून, कारण बसवलं की तो घसरतो. आडव्या मुलाच्या घशातून अन्न श्वासनलिकेत जातं, खोकला, ताप, न्युमोनिया, सगळं तिथूनच. त्याला आधी कंबर सरळ धरणारी सीट, मग बाजूचे आधार, मग डोक्यामागे आधार असं करत करत बसवलं, हनुवटी किंचित खाली, आणि आईला तिथेच चमच्याने पेज भरवायला लावली. न ठसकता खाल्लं त्याने. आई काही बोलली नाही, तिने फक्त दुसरा चमचा भरला, तिसरा भरला.

हेच मूल जर मोठ्या माणसाच्या रुंद खुर्चीत बसवलं असतं तर ते एका बाजूला कललं असतं आणि काही वर्षांत पाठीचा कणा तसाच वाकडा झाला असता. म्हणून मी कुठल्याही गटाला पहिलं हेच विचारते, मुलांच्या मापाच्या खुर्च्या किती आहेत आणि मापं घेणारं कोण आहे. मोठ्यांसाठीसुद्धा सीट कमरेच्या रुंदीएवढीच हवी, गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेमध्ये दोन बोटं मावली पाहिजेत, आणि उशी ही हवीच हवी. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला उशीशिवाय खुर्ची दिली की बसण्याच्या हाडांवर जखम होते, त्याला कळतही नाही, आणि ती चिघळली की माणूस जातो. मी हे हलक्याने लिहीत नाहीये.

बांधकामातला, तिहुआना, मेक्सिको

मी पेशाने सिव्हिलवाला, सॅन दिएगोला राहतो. आमच्या इथून व्हॅन निघते, सॅन इसिद्रोची सीमा ओलांडली की तासाभरात आपण त्या वस्त्यांत असतो. टेकड्यांच्या उतारावर घरं, उतार धसू नये म्हणून जुने टायर रचून भिंती केलेल्या, आणि बऱ्याच घरांच्या भिंती म्हणजे कॅलिफोर्नियातून आलेले जुने गॅरेजचे दरवाजे. आईवडील दोघं कारखान्यात, ज्यांना तिथे माकिलादोरा म्हणतात. पाऊस हिवाळ्यात येतो, तेव्हा खाली मातीची जमीन चिखल होते आणि थंडी पण तेव्हाच, लहान मुलं सतत आजारी.

घर साधं असतं. कुटुंबाची जागा स्वतःची हवी किंवा तिचे हप्ते चालू हवेत, ही अट बऱ्याच मिशनची असते आणि ती योग्यच आहे, नाहीतर उद्या कुणीतरी येऊन हाकलून देईल. सिमेंटचा कोबा आधी झालेला असतो, मग शनिवार-रविवार लाकडी चौकटी जमिनीवर ठोकायच्या, उभ्या करायच्या, छप्पर, खिडक्या, थोडी वायरिंग, रंग. शाळकरी पोरं पण ब्रश घेऊन येतात. रविवारी संध्याकाळी किल्ली देतात आणि घरच्यांनी आधी आत जायचं, आम्ही सगळे बाहेर थांबतो.

जे सांगायचंय ते एका घराबद्दल. त्या घरातली मोठी मुलगी व्हीलचेअरवर होती, खुर्ची दुसऱ्या कुठल्यातरी गटाने आधीच दिलेली, पण जुन्या खोपटातून ती बाहेर निघतच नव्हती, मुलीला उचलून बाहेर आणायचं मग खुर्ची आडवी करून बाहेर काढायची. आमचा नेहमीचा नकाशा होता त्यात दार रस्त्याच्या बाजूला. तिथला गवंडी, त्याला सगळे माएस्त्रो म्हणतात, तो कोबा टाकायच्या आधी आईला घेऊन प्लॉटवर फिरला. ती म्हणाली रस्त्याच्या बाजूला उतार एवढा आहे की मी तिला एकटी वर आणू शकणार नाही, दार मागून करा, मागे शेजारणीची वाट सपाट आहे आणि संडास पण त्याच बाजूला आहे. दार फिरवलं, मोकळी रुंदी 32 इंच ठेवली, उंबरठा काढून टाकला, पुढे काँक्रीटचा रॅम्प एक फूट चढाला बारा फूट लांबी या हिशेबाने. सगळं मिळून काम काहीच वाढलं नाही, थोडं सिमेंट गेलं. पण हे त्या बाईला विचारल्याशिवाय कळलंच नसतं, मला वीस वर्षांचा अनुभव असून नसतं कळलं, कारण मुलीला रोज मी उचलत नव्हतो.

आणि एक, लोक विचारतात की तुमच्या सगळ्यांच्या प्रवासखर्चात तिथल्या गवंड्यांनी किती घरं बांधली असती. बरोबर प्रश्न आहे. आमच्या गटात आता स्थानिक गवंडी पूर्ण मजुरीवर असतो आणि निर्णय त्याचा असतो, आम्ही हाताखाली. ज्यांना यायचंय त्यांनी निधी गोळा करताना त्याची मजुरी आधी धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

रिटायर्ड मेकॅनिक

मी बाहेर कुठे गेलो नाही, चर्चच्या मागे शेड आहे तिथे जुन्या खुर्च्या उघडतो, साफ करतो, बेअरिंग बदलतो, ब्रेक लावतो. दान देणाऱ्यांना विनंती, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली घडीची खुर्ची सगळ्यात जास्त येते, ती गुळगुळीत फरशीसाठी असते, पुढची छोटी कडक चाकं मातीत रुततात. ती देऊ नका असं नाही, घरात वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उपयोगी आहे, पण खेड्यात चालवायला पुढचं चाक मोठं आणि रुंद लागतं. आणि फूटरेस्ट वेगळे काढून पाठवू नका हो, बांधून पाठवा. ते हरवले की पाय लोंबकळतात.

व्हीलचेअर वापरणारा, घाना

अपघातानंतर मी स्वतः खुर्चीवर आहे, कमरेखाली काही जाणवत नाही. चर्चमधल्या एकाने विचारलं येतोस का, मी म्हटलं मी तिथे काय करणार, चढणार कसा उतरणार कसा, तो म्हणाला ते बघू. गेलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की मी काय करणार.

तिथे एक तरुण आला होता, इलेक्ट्रिशियन, खांबावरून पडलेला. डॉक्टर, थेरपिस्ट सगळे त्याच्याशी छान बोलत होते, तो मान हलवत होता. मग मी माझी खुर्ची त्याच्या शेजारी लावली आणि पुढची चाकं उचलून मागच्या दोनवर तोलून दाखवलं. त्याची नजरच बदलली. त्याने विचारलेले प्रश्न आजपर्यंत कुणाला विचारलेच नव्हते, लघवीचं काय करतोस, बायको राहिली का, काम करतोस का, पैसे कोण देतं. दोन तास आम्ही तेच बोललो. रोज रात्री आरसा धरून कुल्ले आणि टाचा बघायच्या, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्यावर बसायचं नाही. हातांवर जोर देऊन वर उचलत बसण्यापेक्षा पुढे वाकून मांड्यांवर छाती टेकव, किंवा एकेका बाजूला कल, ते जास्त वेळ धरता येतं आणि खांदे वाचतात. हे मला माझ्या आधीच्या खुर्चीवाल्याने शिकवलेलं, मी त्याला शिकवलं.

तिथे रस्त्याच्या कडेने उघडी गटारं असतात, वर कुठे फळी कुठे नाही, आणि लाल माती पावसात साबणासारखी होते. पुढची चाकं उचलता आली नाहीत तर माणूस घराच्या पुढे जाऊच शकत नाही. आम्ही मग एक फळी, दोन विटा घेऊन सरावच घेतला, मागे दोरी धरून एकजण उभा. म्हातारे, बायका, सगळे. कुणी विचारलं मिशनच्या गटात सगळ्यात गरजेचं कोण तर मी म्हणेन खुर्चीवरचा माणूस, पाठवणाऱ्या देशातला नाही मिळाला तर तिथलाच शोधा, तो तर जास्त चांगला.

दुभाषी, होंडुरास

मी ख्रिस्ती नाही. स्पॅनिश येतं म्हणून मैत्रिणीने नेलं. जायच्या आधी मनात शंका होती की मदत देऊन धर्म बदलायला सांगतात का. मी पाहिलं ते लिहिते. आमच्या गटाचा नियम होता की खुर्ची आधी, कागद आधी, मग विचारायचं की तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का, नाही म्हटलं तर विषय संपला. बहुतेक लोक आधीपासून ख्रिस्तीच होते आणि हो म्हणायचे, काही वेळा तेच आमच्यासाठी प्रार्थना करायचे, एका आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून केली आणि मला खूप भरून आलं, खोटं कशाला सांगू. दोघांतिघांनी नको म्हटलं, त्यांनाही तितक्याच वेळ देऊन खुर्ची बसवून दिली. हे ज्या गटात असं होत नसेल तिथे मी जाणार नाही. रेड क्रॉस आणि इतर मदत संस्थांनी मिळून 1994 मध्ये आचारसंहिता केली, त्यात साफ म्हटलंय की मदतीचा वापर धार्मिक किंवा राजकीय मत पुढे ढकलायला करायचा नाही, आणि ती पुरस्कृत करणाऱ्यांत कारितास आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होत्या, म्हणजे चर्चच्याच माणसांनी हे मान्य केलेलं आहे.

फोटोचंही तसंच. विचारायचं. दुभाषी म्हणून मला कळायचं की तोंडाने सी, म्हणजे हो म्हणतायत पण मनातून नको आहे, तेव्हा मी कॅमेरेवाल्याला सरळ थांबवायचे.

सिस्टर, केनिया

मी इथे राहते, गट येतात आणि जातात, म्हणून माझं थोडं वेगळं. मिशन हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये मोडलेल्या खुर्च्यांचा ढीग होता, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या गटांनी दिलेल्या, एकीचा भाग दुसरीला बसत नाही. देणाऱ्यांचं मन मोठंच होतं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण खुर्चीला सांभाळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये व्हीलचेअर देण्याच्या ज्या आठ पायऱ्या सांगितल्या त्यातली शेवटची देखभाल, दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी ही आहे, आणि पाहुण्या गटांकडून नेमकी तीच सुटते कारण तोवर त्यांचं विमान गेलेलं असतं.

आता आमच्याकडे दुरुस्तीला दोघं पगारावर आहेत, दोघांनाही लहानपणी पोलिओ झालेला, त्यांच्या हातात जादू आहे. येणाऱ्या गटाला आम्ही सांगतो की खुर्च्या थोड्या कमी आणा, या दोघांचा वर्षाचा पगार आणि सुटे भाग द्या. काही खुर्च्या देशातच मिळतात, एपीडीके ही नैरोबीची संस्था 1958 पासून अपंगांसाठी काम करते आणि स्वतःच्या वर्कशॉपमध्ये व्हीलचेअर बनवते, ती बिघडली तर भाग इथलेच. मुलांना दर सहा महिन्यांनी परत बोलावतो, मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही.

रिटायर्ड मेकॅनिक

सिस्टर, टायरट्यूब कुठल्या मापाचे पाठवू? माझ्याकडे 24 इंची राखाडी पडून आहेत.

सिस्टर, केनिया

दादा, ते राखाडी पातळ टायर इथे दुकानात मिळत नाहीत म्हणून ज्यांच्याकडे आधीच त्या चाकांच्या खुर्च्या आहेत त्यांच्यासाठी नक्की पाठवा. नव्या खुर्च्यांसाठी मात्र सायकलचा टायर बसणारी चाकं बघा, सायकलचं दुकान इथे प्रत्येक बाजारात आहे. आणि जमलं तर ब्रेकचे नटबोल्ट मिलिमीटरमधले पाठवा, आमच्याकडे पाने सगळे मिलिमीटरचेच आहेत.