वॉरलॉकसाठी वर आणि शाप सुचवा (पाचवी आवृत्ती)

वीसपैलू

आमच्या गटात डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाची पाचवी आवृत्ती चालू आहे, २०१४ चे नियम. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. एका खेळाडूचा वॉरलॉक (एखाद्या गूढ शक्तीशी सौदा करून जादू मिळवणारं कॅरेक्टर) पाचव्या लेव्हलला पोचलाय आणि आता समुद्रात बुडालेल्या एका देवळातल्या शक्तीशी सौदा करणार आहे. खेळाडूनेच सांगितलंय, ताकद मोठी दे, पण किंमतही खरी लागू दे.

अडचण दोन ठिकाणी आहे. बिस्टो कर्स या शाप देणाऱ्या स्पेलसारखे तयार शाप बरेचसे आकड्यांचे असतात. ताकदीसारख्या एखाद्या ॲबिलिटीवर डिसॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरणं) दिला की पुढच्या सेशनला तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. आणि गटातली क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारी) पण पाचव्या लेव्हलची, म्हणजे शाप काढणारा रिमूव्ह कर्स स्पेल तिच्या हातात आहे. सकाळी शाप लागला, दुपारी सुटला, असं झालं तर काळ्या जादूची भीती उरणार कशी?

कंदीलवाली

वर आणि शाप वेगवेगळे शोधत बसू नकोस. एकाच अटीत दोन्ही बांध.

तुझं देऊळ बुडालेलं आहे ना? मग वर असा दे: बुडून मेलेल्या कुणालाही वॉरलॉक एक प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर खरंच मिळतं. शाप असा की मेलेलाही उलट एक प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर सगळ्यांसमोर, मोठ्याने आणि खरं द्यावं लागतं. यात एकही आकडा नाही. पण ज्याने गटापासून काही लपवलंय तो वर वापरण्याआधी दहादा विचार करेल, आणि कधी वापरायचा हे त्याचं त्यालाच ठरवायचंय. शाप खेळाडूच्या निवडीत शिरला की तो आपोआप लक्षात राहतो.

रिमूव्ह कर्सचं उत्तर नियमातच आहे. शापित जादुई वस्तू असेल तर त्या स्पेलने वस्तूचा शाप जात नाही, फक्त मालकाचं ॲट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी जुळलेलं जादुई नातं, तुटतं. म्हणून सौदा देवळातल्या एखाद्या शंखात ठेव. क्लेरिक मित्राला सोडवू शकेल, पण मिळालेला वरही जाईल आणि शंख तसाच राहील, पुढच्या हाताची वाट बघत. सोडवायचं की नाही यावर गटात वाद पेटू दे.

रातवा

वरच्याशी सहमत. भर एवढीच की शाप वर मिळवण्याच्या पद्धतीतून यावा. कर्ण खोटं सांगून परशुरामाकडे अस्त्रविद्या शिकला, म्हणून शाप विद्येलाच लागला: ऐन गरजेला ती आठवणार नाही. कुठून काय आलं हे ऐकणाऱ्याला लगेच पटतं. तुझ्या वॉरलॉकने सौद्यात काय कबूल केलं, काय लपवलं, हे नीट लिहून ठेव. शाप तिथेच सापडेल.

उःशापाचाही विचार आधीच कर. ययातीला अकाली म्हातारपण आलं, आणि उतारा काय, तर कुणी आपलं तारुण्य देऊन ते घेतलं तरच सुटका. शेवटी पुरूने, पोटच्या मुलाने, ते घेतलं. मला तर त्या कथेत शापापेक्षा उताराच जास्त भयंकर वाटतो. सुटका हवी असेल तर भार दुसऱ्या कॅरेक्टरने स्वखुशीने उचलायचा, असं ठेवून बघ.

कर्णाचा शाप मात्र जसाच्या तसा टेबलावर आणू नकोस. ऐनवेळ डीएमने ठरवली तर खेळाडूला अन्याय वाटतो. ती वेळ खेळाडूला निवडू दे.

शाईचा डाग

आकडे वाईट असतात हे मला मान्य नाही. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या रोलप्लेइंग खेळात सॅनिटीची (डोकं ठिकाणावर असण्याच्या आकड्याची) कमाल मर्यादा म्हणजे ९९ वजा कथुलू मिथॉसचं, म्हणजे त्या जगातल्या भयंकर गुपितांच्या ज्ञानाचं, कौशल्य. म्हणजे २० टक्के ज्ञान मिळालं की मर्यादा ७९ वर येते. जेवढं कळतं तेवढं डोकं ठिकाणावर राहण्याची शक्यता घटते, आणि कळण्याचा फायदाही खराच असतो. तोच आकडा तारतो, तोच मारतो. म्हणून तो कुणी विसरत नाही. वीसपैलू, तुझ्या डिसॲडव्हान्टेजच्या बदल्यात काहीच मिळत नव्हतं, म्हणून तो विसरला गेला.

आणि सौद्याआधी खेळाडूशी वेगळं बोलून घे. शरीरातले बदल, कॅरेक्टरवरचा ताबा जाणं, घरच्यांवर संकट, यातलं काय चालेल आणि काय नको, हे आधी विचार. भीती गोष्टीतच राहायला हवी.

वीसपैलू

शंख नक्की! खेळाडूशी आजच बोलतो. एकच शंका: मेलेल्याचा उलट प्रश्न मीच विचारायचा का?

कंदीलवाली

तू नको. बाकीच्या खेळाडूंकडून चिठ्ठ्यांवर लिहून घे, वाचून नको त्या बाजूला काढ आणि वेळ आली की उरलेल्यांतली एक उचल. पहिली चिठ्ठी क्लेरिकच्या खेळाडूकडून घे. तिला वॉरलॉकबद्दल सगळ्यात जास्त संशय असणार.