नौदलातून निवृत्त होऊन शिक्षक-समुपदेशक व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

पश्चिम_किनारा: नौदलात 20 वर्षं पूर्ण होतायत, पेन्शन बसेल. इंजिनिअरिंग ब्रँच. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर प्रशिक्षक होतो, तिथेच शिकवायची गोडी लागली. बरोबरचे मर्चंट नेव्ही नाहीतर कॉर्पोरेटकडे निघालेत. मला शाळेत गणित शिकवायचंय, जमलं तर समुपदेशनही. बी.एड. करावंच लागेल का? आणि इतकी वर्षं हुकूम देणारा माणूस मुलांना जवळचा वाटेल का?

खडू_फळा: बी.एड. कराच. आता दोन वर्षांचं आहे, राज्यात त्यासाठी सीईटी असते. बी.टेक.वाल्यांना 55 टक्के गुण असले की प्रवेश मिळतो. अकरावी-बारावीला शिकवायचं तर पदव्युत्तर पदवीही हवी.

निवृत्त_कमांडर: मी याच वाटेने आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही डिव्हिजनल ऑफिसर, म्हणजे जहाजावरच्या एका तुकडीच्या माणसांची देखभाल करणारे अधिकारी, होता ना? मग समुपदेशनाचा अर्धा अभ्यास जहाजावरच झालाय. माझ्या डिव्हिजनमधला इंजिन रूमचा एक पोरगा अचानक गप्प झाला. काम चोख, पण मेसमध्ये जेवायला बसेना. ऑफिसात बोलावून विचारलं तर ‘सब ठीक है, सर’. शेवटी मिडल वॉचला, रात्री बारा ते चार, त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. गेजची रीडिंग घेता घेता तो आपणहून बोलला. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

त्याला रजा मंजूर करणं माझ्या हातात होतं. शाळेत तसलं काहीच हातात नसतं, हे आधी मनाशी पक्कं करा. मूल रडत सांगतं, आपण ऐकतो, आणि संध्याकाळी ते त्याच घरी परत जातं. म्हणून रीतसर शिका. मी इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. केलं, समुपदेशन हा विषय घेऊन. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, त्यामुळे गंभीर वाटणारं मूल मी थेट तज्ज्ञांकडे पाठवतो. पालकांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून देतो.

आता जवळचं वाटण्याबद्दल. बारावीतल्या एका मुलाला एनडीएचा ध्यास होता. डोळ्यांच्या तपासणीत रंगांधळेपणा निघाला. ठिपक्यांमधला आकडा त्याला दिसलाच नाही. घरचे ‘नशीब’ म्हणून मोकळे झाले, तो मात्र स्वतःलाच दोष देत बसला. मी फळ्यावर रात्रीचा समुद्र काढला. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. काळोखात समोरचं जहाज कुठल्या तोंडाने येतंय ते या दोन रंगांवरूनच ओळखायचं, मग ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, उभ्या माणसाला ते चुकून कसं चालेल? तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, ‘सर, जहाज बांधणाऱ्यालाही हे लागतं का?’ तिथून नेव्हल आर्किटेक्चरचं बोलणं निघालं, आयआयटी खरगपूर, मद्रास, कोचीनचं विद्यापीठ. हे त्याला जहाजावर राहिलेला माणूसच सांगू शकत होता.

पश्चिम_किनारा: मनापासून आभार, सर. बी.एड. आधी की एम.ए.?

निवृत्त_कमांडर: बी.एड. आधी. वर्गात रोज उभं राहिल्याशिवाय एम.ए.ची पुस्तकं कोरडी वाटतील. त्याआधी रजेत घराजवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून या. नववीचा वर्ग नको, तिथली मुलं पाहुण्यासमोर तोंड उघडत नाहीत.