मदत हवी आहे: विंडोज ९८च्या गेमसाठी हाच पी-फोर (पेंटियम ४) बोर्ड ठेवू की पी-थ्री (त्याआधीचा पेंटियम ३) शोधू? (पुणे)

पेठेतला_पेंटियम: हाताशी इंटेल ८६५ चिपसेटचा बोर्ड, पेंटियम ४ (२.४ गिगाहर्ट्झ), ५१२ एमबीच्या दोन डीडीआर रॅम आणि जीफोर्स एफएक्स ५२०० ग्राफिक्स कार्ड आहे. ९८ एसईवर (विंडोज ९८ची दुसरी आवृत्ती) १९९७ ते २००२चे गेम खेळायचेत, थोडे डॉसचेही. ग्लाइडसाठी (व्हूडू कार्डांची स्वतःची ३डी प्रणाली) व्हूडू ३ कार्ड मिळतंय, एजीपी म्हणजे ग्राफिक्सच्या खास स्लॉटचं, बसेल का? शिवाय ९८ टाकताना मेमरी अपुरी म्हणून अडतंय, एक जीबी असून! डिस्क आणि पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा) कोणता घेऊ?

खाचखळगे: व्हूडू ३ एजीपी अजिबात नको. ते ३.३ व्होल्टचं, ८६५चा स्लॉट १.५ व्होल्टचा. खाच जुळत नाही ती उगाच नाही. कानस मारून बसवलंत तर बोर्ड जाईल. ग्लाइड हवंच असेल तर व्हूडू ३ची पीसीआय (साध्या विस्तार स्लॉटची) आवृत्ती बघा. पण त्या काळातले बरेच गेम विंडोजच्या डायरेक्ट३डीवरही चालतात, आणि त्यासाठी एफएक्स ५२०० चांगलं आहे. काही जुन्या गेमना लागणारं ८ बिटी पॅलेट टेक्स्चर त्यात आहे, जीफोर्स ६पासून ते गेलं. ड्रायव्हर ४५.२३ टाका, त्याआधी चिपसेटचा.

मेमरी जास्त आहे म्हणूनच अडतंय. ९८चा व्हीकॅश (डिस्कवरच्या फाइलींचा कॅश) रॅमच्या हिशोबाने पत्त्यांची जागा अडवतो, मग बाकीच्यांना उरत नाही. २५६च्या दोन पट्ट्या लावा, ड्युअल चॅनेलही (दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं) राहील. एक जीबीच ठेवायची तर सिस्टम डॉट आयएनआयमध्ये व्हीकॅश विभागाखाली मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ लिहा.

सोल्डरराव: आधी प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ असेल तर ९८ टाकण्यात वेळ घालवू नका. मशीन अधूनमधून अडकेल आणि दोष ड्रायव्हरला जाईल. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे). व्यासही मोजून न्या, नाहीतर हीटसिंकला अडतात. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) मागताना 'लो-ईएसआर' स्पष्ट म्हणा, नाहीतर साधे हातात पडतील. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने ग्राउंडचा पाय सुटत नाही, ६० वॉटचं घ्या.

पीएसयू आजचा चालेल, कारण तुमचा प्रोसेसर चार पिनी जोडातून १२ व्होल्टवर चालतो. पी-थ्री घेतलात तर मात्र सगळा भार ५ व्होल्टवर, आणि आजच्या पीएसयूत तीच बाजू लंगडी. लेबलवरचे अँपिअर वाचा.

पेठेतला_पेंटियम: आणि १२० जीबीची साटा एसएसडी? डॉसचं काय करू?

खाचखळगे: १२० चालेल, १३७ जीबीच्या पुढे ९८चा मूळ ड्रायव्हर डेटा बिघडवतो. बायोसमध्ये साटा 'कम्पॅटिबल' करा, म्हणजे ९८ला ती जुन्या पद्धतीची, आयडीई डिस्क दिसेल. त्या बदल्यात एक आयडीई चॅनेल जाईल, सीडी ड्राइव्ह उरलेल्यावर लावा.

डॉस या बोर्डावर नकोच. जुन्या साउंड कार्डांचा आयएसए स्लॉट नाही, म्हणून आवाजाची रडारड. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही गेम तर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देतात: वेग मोजणाऱ्या लूपचा आकडा इतका मोठा येतो की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही. ते नेहमीच्या मशीनवर डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) खेळा.

सोल्डरराव: तरी पी-थ्रीचा मोह झालाच तर जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड शोधा. तिथे चालू करून दाखवत नाहीत, म्हणून बॅटरी घेऊन जा. कॅपॅसिटरचे माथे उजेडात बघायला.