ओहायो स्टेट २०२५: जेरेमाया स्मिथ आहेच, पण ओ-लाइनचं काय?

कोलंबसकर

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०२५चा मोसम तोंडावर आलाय, आणि ३० ऑगस्टला टेक्सस आपल्या घरी, कोलंबसला, येतंय. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत टेक्सस पहिलं, पेन स्टेट दुसरं, आपण तिसरे. जानेवारीत अटलांटात नोट्र डेमला ३४-२३ हरवून चषक आणलेली टीम तिसरी, म्हणून बरेच जण चिडलेत. मला त्यात काही चूक दिसत नाही. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे व्यावसायिक संघ पोरं निवडतात तो) आपली १४ पोरं गेली. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) हॉवर्ड, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) हेंडरसन आणि जडकिन्स, रिसीव्हर (पास झेलणारा) एगबुका आणि डिफेन्सिव्ह लाइनचे चारच्या चार. शिवाय ऑफेन्स आणि डिफेन्सचे डावपेच आखणारे दोन्ही कोच, म्हणजे कोऑर्डिनेटर, गेले. ऑफेन्सचा चिप केली एनएफएलच्या रेडर्सकडे आणि डिफेन्सचा जिम नोल्स थेट पेन स्टेटला, म्हणजे १ नोव्हेंबरला तोच माणूस आपल्याच मैदानात पलीकडच्या साइडलाइनला उभा.

माझा अंदाज १०-२, म्हणजे दहा विजय, दोन पराभव. डिफेन्स सावरेल, कारण सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा) केलेब डाउन्स आणि लाइनबॅकर (मधल्या फळीतला) सनी स्टाइल्स आहेत. ऑफेन्सची धाकधूक आहे, त्यातही ओ-लाइनची, म्हणजे पुढे उभं राहून ब्लॉक करणाऱ्या पाच जणांची. जाणकारांना तीन प्रश्न:

क्वार्टरबॅक ज्युलियन सेइन की लिंकन कीनहोल्ट्स? दोघांपैकी एकानेही कॉलेजमध्ये एकही सामना स्टार्ट केलेला नाही.

जानेवारीत प्लेऑफमधल्या (विजेतेपदाच्या बाद फेरीतल्या) कॉटन बोलमध्ये टेक्ससनं आपला रिसीव्हर जेरेमाया स्मिथला एका कॅचवर आणि ३ यार्डांवर बांधून ठेवलं होतं. परत तेच केलं तर आपल्याकडे उत्तर काय?

आणि मिशिगन. सलग चार वर्षं हरलोय. यावर वेगळं काही लिहीत नाही.

मधली_फळी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या आणि तिसऱ्याचं उत्तर त्याच्यातच आहे.

स्मिथवर दोन माणसं लावणं म्हणजे साधारणपणे एक कॉर्नर (रिसीव्हरला चिकटणारा) खाली आणि एक सेफ्टी त्याच्या डोक्यावर. दुसरा सेफ्टीही खोल राहिला तर बॉक्समध्ये, म्हणजे जिथून चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो (स्नॅप) त्या जागेच्या आसपास, सहाच जण उरतात. आपण टाइट एंड (ब्लॉकही करणारा, कॅचही घेणारा) लावला की ब्लॉक करणारे पण सहा. सहाला सहा. या हिशोबात पहिल्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) रनवर ४-५ यार्ड निघालेच पाहिजेत. ते निघाले की तिसऱ्या-चौथ्या ड्राइव्हपर्यंत (चढाईपर्यंत) सेफ्टीला खाली यावंच लागतं, आणि स्मिथ एकट्या कॉर्नरसमोर येतो. नाही निघाले, तर समोरच्याला डबल कव्हरेज फुकटात पडतं. सगळी गोम इथे आहे.

गेल्या नोव्हेंबरात मिशिगनविरुद्ध नेमकं हेच बिघडलं. त्यांचे डिफेन्सिव्ह टॅकल मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट मध्ये भिंतीसारखे उभे होते, आणि आपण हट्टानं त्याच भिंतीवर डोकं आपटत राहिलो. २६ रन, ७७ यार्ड, सामना १३-१०ने घालवला. पुढे प्लेऑफमध्ये तीच लाइन होती, पण चेंडू आधी बाहेर फेकायला सुरुवात केली आणि टेनेसीला ४२-१७, ऑरेगॉनला ४१-२१. माणसं तीच, क्रम बदलला.

यंदा क्रम बदलून भागणार नाही, कारण माणसंही बदललीत. लाइनमधले जॉश सिमन्स आणि डॉनोव्हन जॅक्सन दोघंही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. मधोमध, सेंटरला, कार्सन हिन्झमन ठीक आहे, गेल्या वर्षी मॅक्लॉफ्लिनला दुखापत झाल्यावर त्यानंच ती जागा सांभाळली. त्याच्या दोन बाजूंना, गार्डला, ल्यूक मॉन्टगोमेरी आणि टेग्रा शाबोला, तेही चालतील. खरी काळजी लेफ्ट टॅकलची, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाची. ऑस्टिन सिअरवेल्ड, मिनेसोटाहून आलेला फिलिप डॅनियल्स आणि राइसहून आलेला ईथन ओनियान्वा, अशी तीन नावं फिरताहेत.

सिअरवेल्ड आतापर्यंत बहुतेक गार्ड म्हणून खेळलाय. गार्डला टॅकल केलं की बिघडतं ते पहिल्या पावलात. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात, म्हणून तो कमी मागे सरकतो आणि लगेच हात मारतो. टॅकलची बाहेरची बाजू सताड उघडी असते. त्याला बाहेरच्या पायानं तिरकं, लांब मागे सरकावं लागतं, आणि हात थांबवून ठेवावे लागतात. लवकर हात टाकला की वजन पुढे जातं, आणि टेक्ससच्या कॉलिन सिमन्ससारखा, कडेवरून धावून येणारा एज रशर (फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला, असताना ९ सॅक आहेत त्याचे, म्हणजे ९ वेळा क्वार्टरबॅकला पाडलंय) त्या हाताखालून वाकून थेट क्वार्टरबॅकच्या पाठीवर. सेइन उजव्या हातानं फेकतो, त्याला डावीकडून येणारा दिसत नाही.

उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. टाइट एंडनं रूटवर (पास घ्यायच्या ठरलेल्या वाटेवर) निघण्याआधी सिमन्सला खांदा मारायचा, म्हणजे तो रिसीव्हर म्हणून अर्धा सेकंद उशिरा उपलब्ध. रनिंग बॅक मागे ठेवायचा, म्हणजे एक रिसीव्हर कमी. किंवा तीन पावलांत चेंडू सोडायचा, मग स्मिथची लांब रूट विसरा. कॉटन बोलमध्ये हेंडरसनचा ७५ यार्डांचा स्क्रीन आठवत असेल. लाइन मुद्दाम सोडून रशर पुढे घेतले आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून. ३० तारखेला पहिल्या पंधरा प्लेंमध्ये दोन स्क्रीन दिसले नाहीत तर नवा ऑफेन्स कोऑर्डिनेटर हार्टलाइननं गृहपाठ केला नाही असं खुशाल समजा.

नाशिकचा_निळा

मिशिगनवाला आहे, चार ओळी लिहून पळतो. वरचं विश्लेषण झकास आहे, पण त्या दिवशी तुमच्या किकरनं ४० यार्डांच्या आतल्या दोन फील्ड गोल (तीन गुणांच्या किक) घालवल्या होत्या. सामना तीन गुणांनी गेला. जेडन फील्डिंग यंदाही आहे ना? बरं. आमच्याकडे ग्रॅहम, ग्रँट दोघंही नाहीत, क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड आत्ताच शाळेतून आलाय, हे सगळं मान्य. तरी २९ नोव्हेंबरचा सामना आमच्या घरी, ॲन आर्बरला आहे.

थर्ड_अँड_लाँग

@नाशिकचा_निळा, त्याच फील्डिंगनं अंतिम सामन्यात २६ सेकंद उरलेले असताना ३३ यार्डांची टाकून शिक्कामोर्तब केलं. पण हो, किकरचा मुद्दा खरा आहे. नवा क्वार्टरबॅक असला की ड्राइव्ह २५-३० यार्डांच्या रेषेवर जास्त अडकतात, म्हणजे फील्ड गोल वाढणार.

आता क्वार्टरबॅक. मी सेइनच्या बाजूनं. आकड्यांवर जाऊ नका, २०२४मध्ये त्यानं एकूण १२ पास टाकले, ५ पूर्ण, ८४ यार्ड. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. बघायचं ते हात. चेंडू कानापाशी आला की लगेच सुटतो, मागे ओढून घेणं जवळजवळ नाहीच. टॅकल डळमळीत असताना हाच गुण सगळ्यात कामाचा. जो क्वार्टरबॅक अडीच सेकंदांत चेंडू सोडतो, त्याचा लेफ्ट टॅकल आपोआप चांगला दिसायला लागतो.

कीनहोल्ट्सला लोक २०२३च्या मोसमातल्या, मिझूरीविरुद्धच्या कॉटन बोलवरून मोडीत काढतात. १७ पैकी ६ पास, ८६ यार्ड, १४-३ पराभव. हा अन्याय आहे. डेव्हिन ब्राउनला दुखापत झाली म्हणून फ्रेशमन पोराला अर्ध्यात उभं केलं होतं, समोर चांगला पास रश. त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी सेइनकडे नाही: पाय आणि आकार.

आणि तिथेच मोठं भोक पडणार आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. हॉवर्डचे ४०१० यार्ड आणि ३५ टचडाउन सगळ्यांना आठवतात. पण तिसरा डाउन, दोन यार्ड हवेत, अशा वेळी तो स्वतः घुसायचा. क्वार्टरबॅक स्वतः पळतो तेव्हा रनिंग बॅकही ब्लॉकला मिळतो, एक माणूस जास्त. सेइन २०० पौंडांच्या आसपासचा, त्याला दर सामन्यात आठ वेळा असं वापरलं तर ऑक्टोबरपर्यंत टिकणार नाही. म्हणजे शॉर्ट यार्डेजमध्ये आपण एक माणूस गमावला. मार्ग दोन. कीनहोल्ट्सला तेवढ्यापुरतं आत आणायचं, पण मग सगळ्या स्टेडियमला कळतं की रन येतोय, त्यामुळे त्याच जोडणीतून आठवड्याला एक तरी पास टाकावाच लागेल. दुसरा मार्ग पर्ड्यूहून आणलेला टाइट एंड मॅक्स क्लेअर. पर्ड्यूच्या भिकार मोसमातही ५१ कॅच, ६८५ यार्ड. दोन टाइट एंड लावून उभे राहिलो की समोरच्याला जड माणसं आणावी लागतात, आणि क्लेअर त्या जड लाइनबॅकरला पळून मागे टाकतो.

दुसरा रिसीव्हर कार्नेल टेटही विसरू नका. स्मिथवर दोघं असले की दुसऱ्या बाजूला तो एकास एक. माझ्या मते टेक्ससविरुद्ध सगळ्यात जास्त कॅच त्याचेच असतील.

एक शंका मात्र आहे. पोरांना रूट शिकवण्यात हार्टलाइनचा हात धरणारा कुणी नाही, पण प्ले कॉल करणं ही वेगळी विद्या. केली तिसऱ्या ड्राइव्हला जे वापरायचा त्याची पेरणी पहिल्या ड्राइव्हला करून ठेवायचा. हार्टलाइनचं ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

कानामागची_पेन्सिल

सगळे ऑफेन्सवर तुटून पडलेत, डिफेन्सचं थोडक्यात लिहितो.

गेल्या वर्षी आपण सामन्यामागे १२.९ गुण दिले, देशात सगळ्यात कमी. त्या संघातले तीनच नेहमीचे स्टार्टर परत आलेत: डाउन्स, स्टाइल्स आणि इग्बिनोसुन. नवा डिफेन्स कोऑर्डिनेटर मॅट पॅट्रिशिया एनएफएलमध्ये डेट्रॉइटचा मुख्य कोच म्हणून फसला, पण पेट्रियट्समध्ये कोऑर्डिनेटर म्हणून त्याचं काम वेगळं होतं. त्याचा भर स्नॅपआधी एक दाखवायचं आणि स्नॅपनंतर दुसरंच खेळायचं, यावर. हे जमण्यासाठी एक असा माणूस लागतो जो स्लॉटमध्ये (लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधे), बॉक्समध्ये आणि खोल, तिन्हीकडे उभा राहिला तरी क्वार्टरबॅकला सुगावा लागत नाही. डाउन्स तो माणूस आहे. पॅट्रिशियाला आयतं घबाड मिळालंय.

टेक्ससचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग याच्या नावाचा बाऊ करू नका. आडनाव मोठं आहे, स्टार्ट दोनच. आणि टेक्ससच्याही लाइनमधले पाचापैकी चार गेलेत, केल्विन बँक्स धरून. म्हणजे मधली_फळी यांनी वर जे रडगाणं गायलंय तेच टेक्ससच्या गावी, ऑस्टिनमध्येही चालू असणार. केडन करी आणि केन्याटा जॅक्सन या जोडीनं चार जणांत दबाव आणला तर मागे सात जण मोकळे राहतात. आर्वेल रीसवर नजर ठेवा. लाइनबॅकर म्हणून उभा राहील आणि एजवरून येईल.

भीती एकच, आतल्या दोन टॅकलची. केडन मॅकडोनल्ड तगडा आहे, पण त्याच्यामागे फळी पातळ. ऑक्टोबरपर्यंत निभेल. पेन स्टेटचे रनिंग बॅक सिंगलटन आणि ॲलन चौथ्या क्वार्टरमध्ये २५वा रन घेऊन येतील तेव्हा खरं कळेल.

कोलंबसकर

सगळ्यांना धन्यवाद. स्क्रीनचा मुद्दा लक्षात ठेवून बघणार. आता उलट विचारतो, टेक्सस आणि पेन स्टेट दोन्ही हरलो तर प्लेऑफ गेली का?

मधली_फळी

नाही. गेल्या वर्षी दोन सामने हरूनच तर चषक आला. १२ संघ आहेतच. फरक एवढाच की आता मानांकन सरळ क्रमवारीनं. गेल्या वर्षी पहिल्या चार जागा आणि बाय (पहिली फेरी न खेळता पुढे) कॉन्फरन्स, म्हणजे विभागीय गट, विजेत्यांसाठी राखीव होत्या, तो नियम गेला. आता पहिले चार कोणीही असोत, त्यांना बाय. पाच ते आठ क्रमांकांना पहिली फेरी स्वतःच्या कॅम्पसवर. आपण गेल्या वर्षी आठवे होतो, म्हणूनच टेनेसी डिसेंबरच्या थंडीत कोलंबसला आली आणि गारठून गेली. १०-२ असाल आणि त्यात मिशिगनचा विजय असेल तर घरचा सामना मिळायला हरकत नाही.

अवघड आठवडे माझ्या मते वेगळेच आहेत. २७ सप्टेंबरला वॉशिंग्टनला, तीन वेळक्षेत्रं ओलांडून, नव्या क्वार्टरबॅकचा बाहेरगावचा पहिलाच सामना. गोंगाटात स्नॅपचा आवाज ऐकू येत नाही, टॅकल चेंडू बघून हलतो आणि अर्धं पाऊल मागे पडतो. मग ११ ऑक्टोबरला इलिनॉय, तोही बाहेर.

आणखी एक नियम बदललाय. गेल्या ऑक्टोबरात ऑरेगॉननं शेवटच्या १० सेकंदांत अकराऐवजी १२ माणसं उभी केली, पाच यार्डांचा दंड हसत भरला आणि आपले चार सेकंद खाल्ले. सामना ३२-३१. आता शेवटच्या दोन मिनिटांत असं केलं तर ऑफेन्सला घड्याळ मागे घेऊन मागता येतं.

थर्ड_अँड_लाँग

भारतातून बघणाऱ्यांसाठी: टेक्ससचा सामना इथल्या, म्हणजे ओहायोतल्या, दुपारी १२ला, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री ९:३०. मिशिगनचाही १२लाच, पण तोवर इथलं घड्याळ तासभर मागे गेलेलं असेल, त्यामुळे तिकडे रात्रीचे १०:३०. ९:३०चा गजर लावला असेल तर तासभर जाहिराती आणि बडबड बघावी लागेल.