मदत हवी आहे: आप्पांचं वय ७४, यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन या वयात करावं का?

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला. आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी लिहितोय. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना हो की नाही ते कळवायचंय आणि घरात दोन तट पडलेत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस बी (यकृताला धरणारा विषाणू) निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सोनोग्राफी करून घ्यायला सांगितली, त्यांचे उपकार आहेत. यकृताच्या उजव्या भागात गाठ दिसली. मग ट्रायफेजिक (औषध टोचून तीन टप्प्यांत काढतात तो) सीटी स्कॅन झाला. गाठ एकच, ४.२ सेंटिमीटरची, सहाव्या सेगमेंटमध्ये (यकृताचे आठ भाग मानतात, त्यातला सहावा), मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली नाही. एएफपी (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन) २१२. स्कॅनवरच निदान पक्कं आहे, बायोप्सी नको म्हणाले. चाइल्ड-प्यू 'ए', म्हणजे यकृताचं काम अजून चांगलं, पोटात पाणी नाही, कावीळ नाही, प्लेटलेट १ लाख ६८ हजार. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या नाहीत. नऊ वर्षांपासून साखर आहे, गोळ्यांवर ताब्यात. आजही सकाळी दोन किलोमीटर चालत कपाशीच्या वावरात जाऊन येतात.

पहिल्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी वय विचारलं आणि म्हणाले, "चौऱ्याहत्तर? मग कशाला हाल करता?" दुसरे सर्जन म्हणतात, काढता येईल, निकाल चांगला लागू शकतो. मोठे काका पहिल्यांच्या बाजूचे. त्याला कारण आहे. माझ्या मावसभावाचं याच आजाराचं ऑपरेशन झालं होतं. वय ४१, गाठ दहा सेंटिमीटरच्या वर. चौदा महिन्यांत आजार उलटला आणि तो गेला. काका म्हणतात, तरण्याताठ्या पोराचं असं झालं, तर आप्पांचं काय होणार? आणि आप्पा स्वतः एवढंच म्हणतात, "आते मनं वय व्हई गयं, कसाले चिरफाड?"

मला हे वाक्य झोपू देत नाही. ते खरंच नको म्हणतात, की आमच्या खर्चाच्या भीतीने म्हणतात, कळत नाही.

ऑपरेशननंतर माणूस किती जगतो हे वयावर ठरतं का? की वयाच्या आडून दुसरंच काही बोलत असतं? घरातल्या ज्येष्ठांचं असं ऑपरेशन झालेल्यांनी, किंवा या क्षेत्रातल्या कोणी, कृपया लिहा. आणखी एक. वहिनीने आप्पांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. ते बरोबर आहे का?

धुळ्याची लेक

दादा, आधी शेवटचं. ताट वेगळं करू नका. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. दाढीचं ब्लेड, टूथब्रश मात्र वेगळे हवेत. आप्पांच्या सगळ्या भावंडांची आणि तुम्हा मुलांची एचबीएसएजी, म्हणजे हा विषाणू अंगात आहे का ती रक्ताची तपासणी करून घ्या. ज्यांना आजार नाही आणि आधी लस झालेली नाही, त्यांनी लस घ्यावी. आमच्याकडे आईमुळे मामांचा आजार सापडला.

आईचं ऑपरेशन ७१ व्या वर्षी झालं, त्याला आता चार वर्षं झाली. खरं सांगते, पहिले चार दिवस भयंकर गेले. तिसऱ्या रात्री आई मला ओळखेना, सलाईन उपटायला लागली. कोणी आधी सांगितलं नव्हतं, की वयस्कर माणसाला मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होऊ शकतो आणि बहुतेकदा तो उतरतो. तिचा चष्मा, कानाचं यंत्र, घड्याळ जवळ ठेवलं, घरचं माणूस रात्रभर उशाशी बसलं, त्याने फरक पडला. पूर्ण ताकद यायला तीन महिने लागले. आज ती स्वतः कळण्याची भाकरी थापते.

खान्देशी सर्जन

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. फाइल न बघता सल्ला देणार नाही, पण तुमच्या मुख्य प्रश्नाला उत्तर आहे.

वय दोन ठिकाणी बोलतं. एक, ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांची राखीव ताकद कमी झालेली असते, आणि म्हातारं यकृत पुन्हा वाढतं पण सावकाश. दोन, एकूण आयुष्यात. वृद्ध रुग्ण कॅन्सरमधून सुटले तरी काही वर्षांनी दुसऱ्या आजाराने जाऊ शकतात. पण खुद्द कॅन्सरचा निकाल बघितला, तर नीट निवडलेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांत तो तरुणांच्या बराच जवळपास राहतो. 'नीट निवडलेल्या' हे शब्द मात्र सोडू नका.

तुमच्या मावसभावाचं वय त्याच्या विरोधात गेलं नाही, गाठीचा आकार गेला. लहानपणीच हिपॅटायटिस बी झालेल्या कित्येकांना तो अंगात आहे हेच माहीत नसतं. तिशी-चाळिशीत कोणी सोनोग्राफी करत नाही, आणि पोटात दुखायला लागतं तोवर गाठ मोठी होऊन रक्तवाहिनीत शिरलेली असते. यकृत दणकट, वय कमी, तरी आजार पुढे गेलेला. आप्पांचं बरोबर उलटं आहे. त्या दोघांची तुलना वयावर करणं चूकच.

आता सर्जनना विचारायचं ते. यकृताचा किती भाग काढणार? खराब झालेल्या यकृतात साधारण ४० टक्के तरी मागे उरावं लागतं, निरोगी यकृतात २० ते २५ टक्के पुरतात. नुसता सहावा सेगमेंट काढायचा असेल तर भरपूर उरतं. उजवा अर्धा भाग काढायचा असेल तर ७४ व्या वर्षी मीही दहादा विचार करेन. इको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसाची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि थोडं चालवून दम बघणं, हे सगळं वयाच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतं. सुईने गाठ जाळण्याचा पर्याय तीन सेंटिमीटरच्या आत उत्तम चालतो, ४.२ ला तो कमी पडू शकतो. यकृत प्रत्यारोपण सत्तरीनंतर बहुतेक ठिकाणी मागे पडतं.

आणि एक गोष्ट घरात स्पष्ट बोला. ऑपरेशन उत्तम झालं तरी पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांत आजार परत दिसतो, तरुण असो की म्हातारा. पहिल्या दोन वर्षांत आला तर बहुधा जुन्या गाठीचंच बी राहिलेलं असतं. नंतर आला तर दुखऱ्या यकृतात नवी गाठ झालेली असू शकते. म्हणून विषाणूवरची गोळी, एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर, अजून सुरू नसेल तर आजच विचारा. आणि सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन चुकवायचा नाही.

केळीचा मळा

आम्ही बाबांचं ऑपरेशन केलं नाही. वय ७७, पण कारण वय नव्हतं. चाइल्ड-प्यू 'बी', पोटात पाणी, खाटेवरून उठताना आधार लागायचा. गाठीच्या रक्तवाहिनीतून औषध सोडायचा उपचार दोनदा केला. दीड वर्ष मिळालं, घरी, माणसांत. पश्चात्ताप नाही. तुमच्या आप्पांची गत तशी वाटत नाही.

खर्चाचं: ७० वर्षांपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटल यादीत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, ते भरती व्हायच्या आधी विचारा. मुंबईला परळच्या टाटाला जाणार असाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा लक्षात ठेवा.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून वहिनीने काल रात्री ताट परत एकत्र मांडलं. आप्पा काही बोलले नाहीत, पण फुनके-कढी दोनदा मागून घेतली.

सर्जनना फोन केला. फक्त सहावा सेगमेंट आणि बाजूचा थोडा भाग काढणार आहेत. गोळी सुरू झाली. इको चांगला आला, फुप्फुसाची तपासणी सोमवारी आहे. तोवर तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र दिवसातून चारदा. वय वंदना कार्डाचे कागद आज दिले. काकांना इथल्या खान्देशी सर्जनसाहेबांचा मावसभावाबद्दलचा भाग वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, सोमवारी मीबी येतो.

आज वावरातून येताना आप्पांना विचारलं, पैशाचं सोडा, तुमच्या मनात काय आहे? म्हणाले, डॉक्टरला समोर बसून दोन गोष्टी विचारायच्यात, मग सांगतो. कोणत्या, ते सांगितलं नाही. सोमवारनंतर इथेच लिहीन.