स्टोइक पद्धतीने अडथळा कामाला लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

रिकामा_रकाना

स्टोइक म्हणजे संकटात मन ठिकाणावर ठेवायला शिकवणारा प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाचा पंथ. त्यातला रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस, त्याच्या टिपणांतलं ५.२० (पाचव्या भागातली विसावी नोंद) हल्ली जिथे तिथे दिसतं: कामाच्या आड येणारी गोष्टच कामाला हातभार लावते, वाटेतला अडथळाच वाट होतो. तत्त्व मान्य. प्रश्न कृतीचा आहे. समजा, मेहनतीने तयार केलेला प्रस्ताव फेटाळला गेला, किंवा जवळजवळ ठरलेली बढती दुसऱ्याला मिळाली. त्या दिवशी आणि त्या आठवड्यात माणसाने क्रमाने काय करायचं?

आणखी दोन शंका. ‘जे होतं ते भल्यासाठीच’ अशी मनाची समजूत घालणं आणि हे, यात फरक काय? आणि आपल्या हातात काय, काय नाही, ही वाटणी पुस्तकात सोपी दिसते, पण बहुतेक गोष्टी अर्ध्यामुर्ध्या हातात असतात. मुलाखत, तब्येत, नाती. त्यांचं काय?

सुविचार नकोत, पद्धत सांगा.

---

उंबरठा

५.२० पूर्ण वाचलं तर निम्मा घोळ तिथेच सुटतो. मार्कस तिथे आड येणाऱ्या माणसांबद्दल बोलतोय. माणसांचं भलं करणं, त्यांना सोसणं हे माझं काम, म्हणून ती मला सगळ्यात जवळची. पण तीच माझ्या कामात अडथळा आणू लागली की ऊन, वारा, रानटी जनावर यांच्या रांगेत जाऊन बसतात. त्यांच्यामुळे माझी एखादी कृती अडेल, हेतू अडत नाही. कारण हेतू मुळातच ‘आड काही आलं नाही तर’ या अटीवर धरलेला असतो. बढती हुकली तर पुढे त्याहून मोठी मिळेल असं आश्वासन त्यात कुठेही नाही. ठरवलेलं काम अडलं, मग या जागी दुसरं कोणतं योग्य काम करता येईल, इतकंच. फायदा पगारात आणि पदात मोजायला गेलात तर ही पद्धत दोन आठवड्यांत सोडून द्याल.

आता क्रम.

पहिला धक्का बसू द्या. रोमन लेखक ऑलस गेलियसने समुद्री वादळाचा एक प्रसंग लिहून ठेवलाय. जहाजावरचा स्टोइक तत्त्वज्ञ बाकीच्यांइतकाच पांढराफटक पडला होता, फक्त आरडाओरडा करत नव्हता. वादळ शमल्यावर गेलियसने विचारलं तेव्हा त्याने पिशवीतून स्टोइक शिक्षक एपिक्टेटसच्या प्रवचनांचा भाग काढून दाखवला: पहिली दचक शहाण्यालाही चुकत नाही, तो फक्त तिच्या म्हणण्याला मान डोलावत नाही. त्यामुळे छातीतली धडधड दाबत बसू नका, ती दाबण्यातच लोक दमतात. त्या वेळात एकच पथ्य पाळायचं: उत्तर, राजीनामा, फोन, काही म्हणजे काही पाठवायचं नाही. रागावर सगळ्यात मोठा उपाय म्हणजे विलंब, असं रोमन स्टोइक लेखक सेनेका सांगतो. एक रात्र मध्ये जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी कागद. घडलेली गोष्ट विशेषणं न लावता लिहायची. पहिला मसुदा साधारण असा येतो: ‘त्यांनी माझ्या कामाची किंमतच केली नाही, सगळं आधीच ठरलेलं होतं, आता या क्षेत्रात माझं काही खरं नाही.’ यातलं प्रत्येक वाक्य तपासा. पहिल्यात दुसऱ्याच्या मनातलं आहे, दुसऱ्यात अंदाज, तिसऱ्यात भविष्य. तिन्ही काढल्यावर राहतं ते असं: ‘प्रस्ताव नाकारल्याचं पत्र आलं. कारणं दोन दिली आहेत: खर्च जास्त, मुदत अपुरी.’ कसोटी सोपी आहे. समोरच्या पक्षालाही ज्याच्याखाली बिनदिक्कत सही करता येईल, असंच वाक्य ठेवायचं. मार्कस ८.४९ मध्ये हेच करतो: मूल आजारी आहे हे मला दिसतंय, ते धोक्यात आहे हे मला दिसत नाहीये.

ही पायरी वाटते त्यापेक्षा अवघड आहे, पण सगळ्यात जास्त काम हीच करते. गंमत म्हणजे लोक नेमकी हीच गाळून थेट ‘यातून काय शिकलो’वर उडी मारतात. मग धडाही त्या फुगवलेल्या वर्णनातूनच निघतो: ‘कोणावर विश्वास ठेवू नये’ वगैरे. वरच्या दोन कारणांमधून असा धडा निघूच शकत नाही. त्यातून निघतं ते खर्चाचं कोष्टक पुन्हा मांडणं.

मग वाटणी. ‘अर्धं हातात’ असं खातं एपिक्टेटसने ठेवलेलंच नाही. आपलं म्हणजे आपले निर्णय, इच्छा, नावड, कशासाठी पाऊल उचलायचं ते. शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद हे पलीकडे. अर्धी वाटणारी गोष्ट एकसंध नसते, म्हणून ती चिरायची. मुलाखत चिरली की अलीकडे पडतात वाचलेली कागदपत्रं, मोठ्याने केलेला उत्तरांचा सराव, माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणायची तयारी. पलीकडे पडतात समोरच्यांची मनःस्थिती, इतर उमेदवार, निकाल. रोमन लेखक सिसेरोने स्टोइक केटोच्या तोंडी तिरंदाजाचा दाखला घातलाय तो याचसाठी: नेम नीट धरायला जे करावं लागतं ते सगळं करायचं. बाण लागला तर उत्तम, पण तिरंदाजाचं काम तो सोडण्यापर्यंतच. तब्येतीलाही हीच सुरी. औषध वेळेवर घेणं अलीकडे, रिपोर्टचा आकडा पलीकडे.

शेवटची पायरी एनकायरिडियनच्या, म्हणजे एपिक्टेटसच्या शिकवणीच्या छोट्या पुस्तिकेच्या, १०व्या कलमातली. समोर काही आलं की स्वतःकडे वळून विचारायचं, याला तोंड द्यायला माझ्याकडे कोणती शक्ती आहे? कष्ट आले तर दम, अपमान झाला तर सोशिकपणा. एका प्रसंगाला एकच गुण निवडा. पाच लिहिले तर एकही होत नाही. त्याच्यासमोर अशी एक कृती लिहा जी दुसऱ्या कोणाच्या परवानगीशिवाय २४ तासांत पुरी होईल. बढतीच्या उदाहरणात गुण न्याय असेल, तर कृती अशी: ज्याला पद मिळालं त्याच्याकडे आपल्या हातातल्या कामाची माहिती पूर्ण, काही न लपवता सोपवणं. ‘मन मोठं ठेवणं’ ही कृती नव्हे. ती झाली की नाही हे रात्री ठरवताच येत नाही.

---

तिरकस_पण_सरळ

उंबरठा यांच्याशी सहमत, पण ‘भल्यासाठीच’ या शंकेला ते अलगद बगल देऊन गेले.

प्राचीन स्टोइक विश्वाला शहाणपणाने चाललेलं मानत होते. पंथाचा संस्थापक झेनो याच्यापासून मार्कसपर्यंत सगळे दैवी योजनेबद्दल मनापासून बोलतात. आजचा वाचक तो भाग वगळतो आणि उरलेल्यावर ‘सकारात्मक विचारा’चं लेबल चिकटवतो. तसं करायची गरज नाही. विश्वाबद्दल काहीही न मानताही त्यांचा मूल्यांचा हिशेब वापरता येतो. आरोग्य, पैसा, मान यांना ते चांगलं-वाईट म्हणत नाहीत, पण सगळं सारखंच असंही म्हणत नाहीत. यातल्या काही गोष्टी निवडण्याजोग्या, काही टाळण्याजोग्या. नोकरी जाणं हे टाळण्याजोगंच, ते चांगलं झालं असं म्हणायला कोणी सांगत नाही. दुसरी शोधा, अन्याय झाला असेल तर दाद मागा. फक्त ती मिळण्यावर आपलं माणूसपण टांगून ठेवू नका.

एपिक्टेटसचा दिवा आठवा. देवघरात ठेवलेला लोखंडी दिवा चोरीला गेला. त्याने ‘छान झालं’ म्हटलं नाही, चोराला शिव्याही घातल्या नाहीत. उद्या मातीचा आणू, म्हणाला. यात नुकसान मान्य आहे, पुढची व्यवस्था आहे, आणि चोरण्याजोगी वस्तू ठेवली की ती चोरीला जाऊ शकते हा खडखडीत व्यवहारही आहे. पूर्ण पद्धत त्या एका दिव्यात बसते.

अवांतर: सेनेकाला संतपदी बसवू नका. इ.स. ४१ मध्ये सम्राट क्लॉडियसने त्याला कॉर्सिकाला हद्दपार केलं. तिथून त्याने आईला, हेल्वियाला, लिहिलं की माणूस कुठेही गेला तरी आकाश आणि स्वतःचे सद्गुण बरोबर येतातच. त्याच बेटावरून सम्राटाचा सचिव पॉलिबियस याला लिहिलेल्या सांत्वनात मात्र क्लॉडियसची अशी तोंड भरून स्तुती आहे की वाचताना अवघडायला होतं. सुटका ४९ मध्ये झाली. मला हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचणं फार उपयोगाचं वाटतं. सराव पक्का असलेला माणूसही आठ वर्षांत कुठे घसरतो ते कळतं.

---

पाचवा_प्रहर

संकट आल्यावरचं वर आलंय, आधीचं राहिलं. एनकायरिडियन ४: स्नानगृहात जाताना आधीच डोळ्यांसमोर आणा की तिथे कोणी पाणी उडवेल, कोणी धक्का देईल, शिव्या देईल, कपडे चोरेल. मग म्हणा, मला अंघोळही करायची आहे आणि डोकंही ठिकाणावर ठेवायचं आहे. लक्ष द्या, तिथे हेतू दोन आहेत. अंघोळ बिघडली तरी दुसरा हेतू शाबूत राहतो.

करायचं कसं: सकाळी पाच मिनिटं, त्या दिवसातलं एकच काम घ्यायचं. त्यात खरोखर घडू शकतील असे दोन-तीन बिघाड, आणि प्रत्येकापुढे ‘तेव्हा मी हे करेन’. उदाहरणार्थ: बैठकीत मधेच तोडलं, तर वाक्य तिथेच थांबवून त्यांचं संपेपर्यंत मुद्दा कागदावर लिहीन.

हमखास चूक म्हणजे पहिला अर्धा भाग करून दुसरा न करणं. नुसती संकटं आठवली तर ती काळजीच झाली, आणि ती दिवसभर चघळली जाते. मी काय करेन, यावर येऊन वही मिटली नाही तर हा सराव न केलेला बरा. ज्यांचा स्वभाव आधीच काळजीखोर आहे त्यांनी सकाळचं हे सोडून रात्रीच्या उजळणीपासून सुरुवात करावी. सेनेका स्वतः १३व्या पत्रात बजावतो की वेळेआधी दुःखी होऊ नकोस, आपण प्रत्यक्षापेक्षा कल्पनेत जास्त सोसतो.

---

रिकामा_रकाना

चिरण्याची कल्पना कामाची आहे, आभार. दोन गोष्टी राहिल्या. एखाद्या इजेमुळे किंवा आजारामुळे ते काम करणंच कायमचं बंद झालं तर? तिथे वळून जायला वाटच नसते. आणि या सगळ्याचा उपयोग होतोय की नुसतं लिहिणं चाललंय, हे कशावरून ओळखायचं? रात्रीची उजळणी कशी करतात तेही सांगा.

---

उंबरठा

कायमच्या नुकसानीबद्दल एपिक्टेटस बोलू शकतो, तो स्वतः लंगडा होता आणि गुलामीतून आला होता. एनकायरिडियनचं ९वं कलम: लंगडेपण पायाला अडथळा आहे, निवड करण्याच्या शक्तीला नाही. हे ऐकायला कोरडं लागतं, पण कृतीत बदल असा होतो. बंद झालेल्या कामाखाली दोन रकाने करा. ते काम शरीराने काय करत होतं ते एका बाजूला, ते कशासाठी चाललं होतं ते दुसऱ्या बाजूला. धावणं बंद झालं तर पहिल्या रकान्यात पाय, दम, वेग. दुसऱ्यात शिस्त, सोबत, नवख्यांना तयार करणं. पहिला रकाना गेला तो गेला, त्याची भरपाई शोधू नका. दुसऱ्यातली कोणती ओळ आजच्या शरीराने जगता येते तेवढं पाहा. इथे घाई चालत नाही. पहिल्या काही आठवड्यांत दुसरा रकाना भरलाच जात नाही, तेव्हा तो कोराच ठेवा. मन मारून भरलेला रकाना पुढे पुसावा लागतो.

रात्रीची उजळणी सेनेकाने सेक्स्टियस या आधीच्या रोमन तत्त्वज्ञाकडून घेतली. प्रश्न तीनच: आज कोणतं दुखणं बरं केलंस? कोणत्या दोषाला अडवलंस? कोणत्या बाबतीत कालपेक्षा बरा आहेस? दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाल्यावर तो दिवसभराचं बोलणं-वागणं तपासायचा. सूर महत्त्वाचा आहे. अमक्याशी वाद घालताना जास्तच ताणलंस, पुन्हा करू नकोस, आज माफ करतो, असं तो स्वतःला सांगतो. उजळणीचं रूपांतर स्वतःला फटकारण्यात झालं की आठवड्याभरात वही उघडावीशी वाटत नाही. दहा मिनिटं पुरे. प्रसंग एकच घ्या, आणि ‘उद्या त्याच जागी काय म्हणेन’ ते शब्दशः लिहा.

---

पाचवा_प्रहर

+१. एक सावधगिरी: हे औजार स्वतःसाठीच आहे. दुसऱ्याचं कोणी गेलं असताना ‘दुःख घटनेत नसतं, मतात असतं’ हे ऐकवणं निव्वळ क्रूरपणा आहे, आणि एपिक्टेटसलाही मान्य नाही. एनकायरिडियनच्या १६व्या कलमात तो सांगतो की शोक करणाऱ्याला शब्दांनी साथ द्या, वेळ आली तर त्याच्याबरोबर हुंदकाही द्या.

आणि झोप, भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. अल्बर्ट एलिस आणि आरॉन बेक या आधुनिक मानसोपचारातल्या दोघांनी आपल्या उपचारपद्धती उभ्या करताना स्टोइकांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलंय, म्हणजे तिथे गेल्याने तत्त्वज्ञान सोडलं असं होत नाही.

---

तिरकस_पण_सरळ

उपयोग होतोय की नाही, याचं मोजमाप एपिक्टेटसनेच दिलंय, प्रवचनं २.१८. आधी रोज रागवायचो, मग एक दिवसाआड, मग दोन, मग तीन दिवसांनी. सलग तीस दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखव, म्हणतो. कॅलेंडरवर फुल्या मारल्या तरी भागतं. राग, कुढणं, बदल्याचे बेत यातला एकच विकार निवडा, आणि पहिली दचक फुलीत धरू नका; तिच्यामागून आपण जे बोललो किंवा केलं तेवढंच धरा.

फक्त मोजताना एक लबाडी होते. ज्या दिवशी राग यावा असं काही घडलंच नाही तो दिवस खात्यात जमा करायचा नाही, कोरा सोडायचा. नाहीतर सुट्टीच्या आठवड्यात आकडा उगाच फुगतो.