मदत हवी आहे: कंटेनर पुन्हा तयार करताना 409 एरर येतोय

नमस्कार मंडळी. आमच्या व्हिडिओ अ‍ॅपमध्ये प्रत्येक अपलोडसाठी अझुर ब्लॉब स्टोरेजवर (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवर फाइल्स साठवायची सेवा) पायथनमधून वेगळा कंटेनर (फाइल्स ठेवायचा फोल्डरसारखा कप्पा) तयार होतो. नावाचे नियम पाळलेत: 3 ते 63 कॅरेक्टर, फक्त स्मॉल लेटर्स, आकडे आणि हायफन. अडचण वेगळीच आहे. टेस्टमध्ये कंटेनर डिलीट करून त्याच नावाने लगेच बनवायला गेलं की 409 (कॉन्फ्लिक्ट) एरर येतो, ‘कंटेनर बीइंग डिलीटेड’, म्हणजे जुना कंटेनर अजून डिलीट होतोय. नाव किमान 30 सेकंद अडकून राहतं, एवढं कळलं. मग रिट्राय (थोडं थांबून पुन्हा प्रयत्न) लावावा, की दर वेळी नावात नवा जीयूआयडी (आपोआप बनणारा युनिक आयडी) घालावा? मला दुसरं जास्त पटतंय. पण कंटेनर लिस्ट करताना फिल्टर फक्त नावाच्या प्रीफिक्सवर (सुरुवातीच्या भागावर) लागतो, मेटाडेटावर (कंटेनरला जोडलेल्या जादा माहितीवर) नाही. मग कुठला कंटेनर कोणत्या युजरचा, ही नोंद तुम्ही डेटाबेसमध्ये ठेवता का? प्रॉडक्शनमध्ये हे केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.